पडद्यामागची सही, पडद्यावरची सही : ‘समक्ष’ या शब्दाचा भारतीय इतिहास

‘माझ्या समक्ष सही केली’ हे वाक्य प्रतिज्ञापत्राच्या किंवा कुलमुखत्यारपत्राच्या तळाशी छापलेले असते आणि त्याखाली नोटरीचा गोल शिक्का उमटतो. त्यातील ‘समक्ष’ या शब्दात डोळा दडलेला आहे. ‘अक्ष’ म्हणजे डोळा. ‘साक्षी’ हा शब्दही त्याच कुळातला. ‘हजर’ हा शब्द मात्र अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि तो देहाची उपस्थिती सांगतो. मराठेशाहीतील निवाड्याच्या कागदास ‘महजर’ म्हणत. तोही ‘हजर’च्याच धातूपासून बनलेला. त्या कागदावर ‘हाजीर मजालस’ या मथळ्याखाली सभेस उपस्थित असलेल्यांची नावे येत आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाची निशाणी करीत. कुणब्याचा नांगर हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण.

शतकानुशतके हे दोन्ही शब्द एकत्र नांदले, कारण जो समक्ष असे तो हजर असेच. दूरध्वनीच्या पडद्याने ही जोडी फोडली. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने २०११ मध्ये कायदा करून नोटरीस थेट दृक्श्राव्य संवादातून साक्षांकन करण्याची मुभा दिली. १ जुलै २०१२ पासून तो अमलात आला. २०२० च्या महासाथीनंतर तेथील इतर अनेक राज्यांनी हीच वाट धरली. भारताच्या १९५२ च्या नोटरी अधिनियमात अशा साक्षांकनाचा उल्लेख नाही. मात्र बँकेचे खाते, निवृत्तिवेतन, न्यायालयातील साक्ष या तिन्ही ठिकाणी कॅमेऱ्यापुढील उपस्थिती आपल्याकडे मान्य झालेली आहे. तेव्हा नोटरीच्या टेबलापर्यंत हा प्रश्न पोहोचणारच. तो तंत्रज्ञानाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. पण त्याची मुळे दीडशे वर्षांहून जुनी आहेत आणि त्यांतील कित्येक भारतातच रुजलेली आहेत.

नोटरी नेमके काय पाहतो?

नोटरी कागदातील मजकूर खरा असल्याची हमी देत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. त्याने तीन प्रश्नांची उत्तरे मिळवायची असतात. समोरची व्यक्ती ती म्हणते तीच आहे का? ती समजून-उमजून, स्वेच्छेने सही करीत आहे का? आणि जिच्यावर सही झाली तीच प्रत पुढे वापरली जाणार आहे का? ओळख, इच्छा आणि प्रत असे हे तीन धागे आहेत.

या उत्तरांवर पुष्कळ काही अवलंबून असते. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ८५ नुसार, नोटरीपुढे केलेले आणि त्याने साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र तसेच झाले आहे असे न्यायालय गृहीत धरी. २०२४ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. म्हणजे शिक्का उमटला की सिद्धतेचे ओझे फिरते. ज्याच्या नावाने खोटा कागद झाला, त्यालाच तो खोटा असल्याचे सिद्ध करावे लागते. कुलमुखत्यारपत्राने घर, शेत, ठेवी यांचे व्यवहार दुसऱ्याच्या हाती जातात. त्यामुळे ही चूक महागात पडणारी असते.

देह समोर असूनही

देहाची उपस्थिती हा ओळखीचा बिनचूक पुरावा होता, असे मात्र इतिहास सांगत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेल्या तोतयाला प्रत्यक्ष पाहूनही अनेकांनी खरे मानले. १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. बंगालमधील भावल संस्थानाचा दावा तर याहून विलक्षण आहे. १९०९ मध्ये दार्जिलिंगला मरण पावल्याचे मानलेला राजकुमार म्हणून एक संन्यासी पुढे आला. १९३० मध्ये दावा दाखल झाला. शेकडो साक्षीदारांनी त्याचा चेहरा, चाल आणि अंगावरील खुणा यांविषयी परस्परविरोधी जबान्या दिल्या. ढाक्याच्या न्यायालयाने १९३६ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि तो कायम करणारा प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय यायला १९४६ साल उजाडले. माणूस सर्वांसमोर उभा होता. तरी तो कोण हे ठरवायला सोळा वर्षे लागली.

स्मृतीवर विसंबणारी ही ओळख देहावरच्या मोजता येण्याजोग्या खुणेत बांधण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न बंगालमध्येच झाला होता. २८ जुलै १८५८ रोजी जंगीपूर येथे विल्यम जेम्स हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि सहीसोबत त्याच्या उजव्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. युरेनसचा शोध लावणारे खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल हे या अधिकाऱ्याचे आजोबा. ठशाचे शास्त्र त्या दिवशी त्याच्यापाशी नव्हते. कोनाईने पुढे सही नाकारू नये म्हणून त्याला धाक बसवावा, एवढाच आपला हेतू होता असे हर्शेलने नंतर स्वतःच लिहिले आहे. उठाव नुकताच होऊन गेला होता आणि राज्यकर्त्यांचा प्रजेवरील अविश्वास टोकाला पोहोचला होता. हे तंत्र त्या वातावरणात जन्मले, ही गोष्ट विसरता येत नाही.

पुढे निरीक्षणाने शास्त्राची जागा घेतली. हर्शेलने स्वतःच्या बोटांचे ठसे अर्धशतकाहून अधिक काळ पुनःपुन्हा घेतले आणि रेषा बदलत नाहीत हे पडताळले. १८७७ मध्ये हुगळीचा दंडाधिकारी असताना त्याने निवृत्तिवेतनधारक, दस्तनोंदणी आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी बोटांचे ठसे घेणे सुरू केले. मेलेल्या निवृत्तिवेतनधारकाच्या नावाने दुसऱ्याने पैसे उचलू नयेत, हा त्यामागचा एक हेतू होता. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. ठशांचे १०२४ कप्प्यांत वर्गीकरण करणारी पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली. तिच्यामागील गणिती मांडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. १८९९ मध्ये पुरावा अधिनियमात दुरुस्ती होऊन ठशांविषयीचे तज्ज्ञमत ग्राह्य ठरले. अशा रीतीने ‘ही व्यक्ती कोण’ या पहिल्या प्रश्नाचे उत्तर चेहऱ्याकडून बोटाकडे सरकले.

पडद्यामागची इच्छा

बोटाचा ठसा ओळख सांगतो. इच्छेविषयी तो मुका असतो. झोपलेल्या, बेशुद्ध किंवा धाकात असलेल्या माणसाचा ठसाही तितकाच स्पष्ट उमटतो. हा दुसरा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे आला तो पडदानशीन स्त्रियांच्या दस्तांमुळे. परपुरुषासमोर न येणारी स्त्री दस्त करून देई, तेव्हा अधिकाऱ्याला पडद्यामागून आवाज ऐकू येई आणि कागदावर निशाणी दिसे. मजकूर तिला कोणी समजावला, नकार देण्याची मोकळीक तिला होती का, पडद्याआड तिच्या शेजारी कोण बसले होते, यांपैकी काहीच त्याला दिसत नसे.

१८६७ मध्ये मुन्शी बझलूर रहीम विरुद्ध शमसुन्निसा बेगम या प्रकरणात पत्नीने आपले सरकारी रोखे पतीच्या नावे केल्याचा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. व्यवहार खरा आणि प्रामाणिक होता व तिला तो पूर्णपणे कळला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पतीवर आहे, असे तेथे ठरले. या आणि नंतरच्या निकालांतून एक तत्त्व दृढ झाले. जिथे सही करणारी व्यक्ती आणि साक्षांकन करणारा यांच्यामध्ये पडदा आहे, तिथे सहीचे अस्तित्व पुरेसे नाही. मजकूर वाचून दाखवला गेला, तो समजला आणि स्वतंत्र सल्ल्याला वाव होता, हे दस्ताचा लाभ घेणाऱ्याने दाखवायचे. मराठीत त्या वस्त्राला आणि आजच्या मोबाइलच्या काचेला एकच शब्द आहे. योगायोग शब्दाचा असला तरी कायद्यापुढची अडचण खरोखरच तीच आहे.

१९०८ च्या नोंदणी अधिनियमाने याच अनुभवातून एक शहाणी वाट काढली. नियम असा की दस्त करणाऱ्याने निबंधकापुढे यावे. परंतु जो आजाराने अंथरुणाला खिळला आहे, जो तुरुंगात आहे किंवा ज्याला न्यायालयात येण्यापासून कायद्याने सूट आहे, त्याला कचेरीत येण्याची सक्ती नाही. कलम ३३ प्रमाणे निबंधकाची खात्री झाली की मुखत्यारपत्र स्वेच्छेने केलेले आहे, तर अशा व्यक्तीच्या हजेरीवाचूनही त्याला ते साक्षांकित करता येते. मात्र ती खात्री करून घेण्यासाठी त्याने स्वतः त्या घरी किंवा तुरुंगात जावे, अथवा जबानी घेण्यासाठी आयोग, म्हणजे अधिकृत प्रतिनिधी, नेमावा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या या कायद्याने कचेरीची पायरी माफ केली, पण स्वेच्छेची चौकशी माफ केली नाही. दूरस्थ साक्षांकनाची चर्चा इथून सुरू व्हायला हवी.

२००३ : न्यायालय पडद्याकडे वळते

महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात अमेरिकेतील एका डॉक्टरची साक्ष दृक्श्राव्य माध्यमातून घ्यावी का, असा वाद होता. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७३ प्रमाणे पुरावा आरोपीच्या ‘उपस्थितीत’ नोंदवायचा असे. मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००३ मध्ये तो निर्णय फिरवला. पडद्यावर दिसणारा साक्षीदार हा संगणकाने रचलेला आभास नाही, तो खरोखर अस्तित्वात असलेला माणूस आहे आणि त्याला पाहता, ऐकता व उलटतपासणीत प्रश्न विचारता येतात; म्हणून ‘उपस्थिती’ म्हणजे एकाच खोलीतील देह असा संकुचित अर्थ घेण्याचे कारण नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

हा निकाल अनेकदा एवढ्याच आशयासाठी सांगितला जातो. त्यातील एक व्यवस्था तितकीच महत्त्वाची आहे. साक्षीदार जिथे बसेल तिथे भारतातून पाठवलेला किंवा वकिलातीतील एक अधिकारी हजर राहील, खोलीत दुसरे कोणी नाही याची खात्री करील आणि साक्षीदाराला कोणी पढवत नाही यावर लक्ष ठेवील, असे न्यायालयाने सांगितले. २०२० मध्ये न्यायालयांसाठी तयार झालेल्या आदर्श नियमांतही दूरच्या टोकाला समन्वयक असावा अशी तरतूद आली. कॅमेरा साक्षीदाराला पाहील; कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काय आहे ते माणसाने पाहावे, अशी ही विभागणी होती.

प्रतीचे गणित

तिसरा धागा प्रतीचा. कागदाच्या जगात पान बदलू नये म्हणून प्रत्येक पानावर सही, खाडाखोडीपाशी आद्याक्षरे, शिवणीवर शिक्का असे उपाय होते. अंकीय दस्तासाठी हे काम गणित करते. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीच्या गुप्तलेखनाची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणणारी पद्धत शोधली. दस्ताच्या संपूर्ण मजकुरातून एक ठरावीक लांबीची संख्या काढतात; तिला हॅश म्हणतात. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ही संख्या ओळखू न येण्याइतकी बदलते. सही करणारा ती संख्या आपल्या खासगी किल्लीने बांधतो आणि कोणालाही त्याच्या सार्वजनिक किल्लीने ती पडताळता येते. भारताने २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने अशा सहीस कायदेशीर मान्यता दिली. २०१५ पासून आधारवर आधारित ई-साइन सेवा आली.

प्रतीच्या बाबतीत हा उपाय शाईहून कितीतरी भक्कम आहे. पण तो सांगतो ते एवढेच, की अमुक किल्ली या मजकुरावर वापरली गेली. किल्ली कोणाच्या हातात होती, हे गणिताला ठाऊक नसते. आजोबांच्या मोबाइलवर आलेला सहा आकडी संकेत नातवाने टाइप केला, तरी सही गणितदृष्ट्या निर्दोषच ठरते. २००० च्या कायद्याने मृत्युपत्र, न्यासपत्र, कुलमुखत्यारपत्र आणि स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार हे दस्त आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते, त्यामागे हीच सावधगिरी दिसते. २०२२ मध्ये ही यादी आखडली. विक्रीचा करार तिच्यातून वगळला गेला. वित्तीय नियामकांच्या देखरेखीखालील संस्थांच्या नावे केलेल्या मुखत्यारपत्रांनाही वाट मोकळी झाली. मृत्युपत्र आणि न्यासपत्र मात्र यादीत राहिले.

हयातीचा दाखला आणि बनावट चेहरा

हर्शेलने हुगळीत निवृत्तिवेतनधारकांचे ठसे घेतले, त्या घटनेला सुमारे एकशे सदतीस वर्षे झाल्यावर, १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू झाली. निवृत्तिवेतनधारकाने दरवर्षी द्यायचा हयातीचा दाखला आधारच्या जैवमितीने देता येऊ लागला. प्रश्न तोच होता : पैसे घेणारा तोच आहे का आणि तो जिवंत आहे का? परंतु श्रमाने आणि वयाने बोटांवरील रेषा झिजतात. यंत्र त्या वाचू शकत नाही. म्हणून २९ नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्याने पडताळणीची सोय झाली. ठशाने मागे सारलेला चेहरा पुन्हा पुढे आला.

रिझर्व्ह बँकेने ९ जानेवारी २०२० रोजी दृक्श्राव्य संवादातून ग्राहकाची ओळख पटवण्यास मान्यता दिली. त्या नियमांत जुने शहाणपण नव्या शब्दांत भेटते. संवाद थेट हवा आणि तो बँकेच्या प्रशिक्षित अधिकाऱ्यानेच साधायचा. प्रश्नांचा क्रम वा प्रकार बदलता ठेवायचा, म्हणजे आधी भरून ठेवलेली चित्रफीत चालणार नाही. ग्राहक भारतात आहे हे स्थाननोंदीवरून तपासायचे. संवादाची नोंद जपायची आणि लेखापरीक्षण झाल्यावरच खाते खुले करायचे.

२००३ चा निकाल ज्या गृहीतावर उभा होता, त्यालाच मात्र आता तडा गेला आहे. पडद्यावर दिसतो तो खरा माणूस, असे तेव्हा निःशंकपणे म्हणता येत होते. २०१४ मध्ये दोन चेतासंस्थासदृश जाळ्यांना एकमेकांविरुद्ध स्पर्धेत उतरवून चित्रे रचण्याची पद्धत पुढे आली आणि दशकभरात हुबेहूब चेहरा व आवाज बनवणे सोपे झाले. २०२४ च्या आरंभी हाँगकाँगमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने दृक्श्राव्य बैठकीतील बनावट सहकाऱ्यांवर विश्वास ठेवून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. पापण्यांची उघडझाप, मान वळवणे, त्वचेवर परावर्तित होणारा रंगीत प्रकाश, नाडीसोबत त्वचेच्या छटेत होणारा सूक्ष्म बदल अशा जिवंतपणाच्या चाचण्या शोधल्या जात आहेत. त्याच वेळी कॅमेऱ्याला वगळून रचलेले चित्र थेट संगणकाच्या प्रवाहात घुसवण्याची युक्तीही रूढ झाली आहे. शिवाय फसवणूक दुसऱ्या टोकालाही होते. भारतात ‘डिजिटल अटके’च्या नावाखाली पडद्यावर गणवेशातले पोलीस आणि न्यायालयाचे देखावे उभे करून लोकांना लुबाडले गेले. उद्या पडद्यावर दिसणारा नोटरी तरी खरा कशावरून?

पुढची वाट

म्हणून दूरस्थ साक्षांकन नकोच, असे म्हणणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. आखातात काम करणाऱ्या मजुराला एका मुखत्यारपत्रासाठी रोजगार बुडवून वकिलातीत जावे लागते. हिमवृष्टीने रस्ते बंद झालेल्या डोंगराळ गावातील रुग्णाला, अंदमानच्या दूरच्या बेटावरील विधवेला ‘समक्ष या’ म्हणणे हे पुष्कळदा नकार देण्यासारखेच ठरते. आणि टेबलावर गठ्ठा मांडून, समोर कोण आहे हे न पाहता शिक्के मारले जातात तिथे देहाची हजेरीही नावापुरतीच उरते. चांगली चित्रनोंद अशा शिक्क्याहून निश्चितच अधिक सांगते.

इतिहासाने तयार करून ठेवलेली सामग्री मात्र वापरायला हवी. ओळखीसाठी चेहऱ्याखेरीज दुसरा स्वतंत्र पुरावा हवा. दस्ताचा हॅश संवादात मोठ्याने वाचून त्याच चित्रनोंदीत बांधता येईल, म्हणजे प्रत आणि प्रसंग एकमेकांपासून सुटणार नाहीत. नोटरीची स्वतःची ओळख नागरिकाला आधी पडताळता आली पाहिजे. आणि इच्छेच्या प्रश्नासाठी १९०८ चा आयोग व २००३ चा अधिकारी यांचा वारसा चालवून, मोठ्या मालमत्तेच्या दस्तांत दूरच्या टोकाला एखादी तटस्थ व्यक्ती हजर असावी : टपाल कार्यालयातील कर्मचारी, तलाठी किंवा न्यायालयाने नेमलेला समन्वयक. ती व्यक्ती तिथे नसेल, तर प्रिव्ही कौन्सिलचे पडदानशीन स्त्रियांविषयीचे तत्त्व लागू करून सिद्धतेचे ओझे दस्ताचा लाभ घेणाऱ्यावर ठेवता येईल. कलम ८५ चे गृहीतक अशा दस्ताला आपोआप मिळू नये.

असा कायदा झाला, तर कोणा वृद्ध स्त्रीपुढे मोबाइल धरला जाईल आणि पलीकडून नोटरी तिचे नाव, जन्मसाल, पत्ता विचारील. ती बरोबर उत्तरे देईल, चेहराही जुळेल. त्यानंतर नोटरीने तिला आणखी एक प्रश्न विचारायला हवा आणि त्याचे उत्तर ऐकण्याआधी शिक्का उचलू नये : “आजी, हा मोबाइल तुमच्यासमोर कोणी धरला आहे?”